बारा दिवसांनी धाकटी

आधी माझं सांगून घेते, कारण नंतर सगळं केरी-ॲनचंच होतं. आमच्या घरातही असंच झालं.

मी झिपोरा. घरी झिपी. अकरावीत आहे आणि दहावीत गेल्यापासून आमच्या शाळेच्या सकाळच्या घोषणा मी करते. नववीपर्यंत वर्गात माझा आवाज कुणी नीट ऐकला नव्हता. आता बाराशे मुलं गप्प बसून ऐकतात, आज कॅन्टीनमध्ये काय आहे आणि कुणाचा एकच हातमोजा हरवलाय. एकदा मी मुख्याध्यापकांच्या नव्या दाढीवर एक वाक्य टाकलं आणि तीन मजल्यांवरून हसू ऐकू आलं. त्या दिवसापासून मी पाठ ताठ ठेवून चालायला लागले, असं आई म्हणते.

आणि मी धावतेसुद्धा. आमच्या वस्तीत सगळ्यात वेगात. हे वाक्य दोन वर्षांपूर्वीपर्यंत इथंच संपायचं.

दोन वर्षांपूर्वी जमैकाहून आजी इथं कॅनडात, हॅमिल्टनला आली आणि तिच्याबरोबर माझी मावसबहीण केरी-ॲन. मावशी तिकडे हॉटेलात कामाला आहे, तिचे इकडे यायचे कागद अजून फिरतायत. त्यामुळे केरी माझ्या खोलीत आली, तिची बॅग माझ्या पलंगाखाली गेली आणि तिचे स्पाइक्सचे बूट माझ्या बुटांशेजारी. दुसऱ्याच आठवड्यात मी मोठ्या कौतुकाने तिला आमच्या क्लबच्या ट्रॅकवर घेऊन गेले. ती दोनशे मीटर धावली. आमच्या डुबिच सरांनी हातातलं घड्याळ पाहिलं, हलवलं, मग कानाला लावलं. घड्याळ डिजिटल होतं.

माझ्या पोटात तेव्हा जे काही गरम सांडलं, ते दोन वर्षं निवलं नाही.

हिशेब साधा आहे. माझा जन्म अठ्ठावीस डिसेंबर दोन हजार नऊचा. केरीचा नऊ जानेवारी दोन हजार दहाचा. ती माझ्याहून बारा दिवसांनी धाकटी. पण धावण्याचे गट जन्मवर्षावरून ठरतात, त्यामुळे गेल्या हंगामात ती सोळाखालील गटात, आणि मी वरच्या गटात, जिथं सतरा वर्षांच्या मुली सांडणीसारख्या लांब पायांनी धावतात. ती पहिली येते. मी पाचवी येते. नेहमी पाचवी, जणू ती लेन माझ्या नावावर करून दिलीय.

"मी आणखी बारा दिवस थांबायला हवं होतं," असं मी एकदा आईला म्हणाले.

"मी सांगत होते तुला थांब म्हणून," आई म्हणाली. "तू ऐकलंस का कधी?"

घरात बाकीही बऱ्याच गोष्टी होत्या, ज्या मी मनात लिहून ठेवत होते. कोंबडीची तंगडी केरीला. सकाळची मक्याची लापशी आधी केरीला, कारण ती पाच वाजता उठून आमच्या इमारतीचे अकरा मजले चढ-उतार करते. संध्याकाळी आजी तिच्या पोटऱ्यांना लवंगेच्या वासाचं तेल चोळते. पोटऱ्या मलाही आहेत. आणि सगळ्यात वाईट म्हणजे केक.

आमच्याकडे नाताळचा काळा केक म्हणजे गंमत नाही. मनुके, सुकी आलुबुखारं, चेरी, सगळं आजी उन्हाळ्यातच रममध्ये भिजत घालते आणि बरणीला कुणाला हात लावू देत नाही. नाताळला एक केक पाहुण्यांसाठी आणि एक राखून ठेवलेला, वाढदिवसाचा. पूर्वी आई करायची तेव्हा तो माझा एकटीचा असायचा. केरी आल्यावर आजीने त्यावर दोन नावं घातली.

"आजी, हिचा वाढदिवस नऊ तारखेला आहे."

"मग? नऊ तारखेपर्यंत केक उरणार आहे का तुमच्या घरात?" आजी म्हणाली. "एकाच दिवशी उरका."

म्हणजे माझ्या पंधराव्या वाढदिवसाच्या केकवर वर लिहिलं होतं 'झिपोरा', खाली 'केरी-ॲन' आणि मधे '१५'. फोटोत आजीचा अंगठा बरोबर माझ्या नावावर आलाय.

आता केरीला इथं काय काय सोसावं लागत होतं ते मला दिसत नव्हतं असं नाही. मी तिच्या शेजारीच असायची. दुकानात पहारेकरी तिच्या मागे मागे मोज्यांच्या रांगेपर्यंत यायचा. शर्यतीच्या ठिकाणी तिच्या छातीवरचा नंबर पंच दोनदा तपासायचे, "हा तुझाच ना?" म्हणून. तिला तिकडची सवय, कुठल्याही खोलीत शिरली की सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हणायचं. दवाखाना असो, कपडे बदलायची खोली असो. इथं कुणी उत्तर द्यायचं नाही. मुली एकमेकींकडे बघायच्या. मला इतकी लाज वाटायची की मी बुटाच्या नाड्या पुन्हा बांधत बसायची.

आमच्याच क्लबात मॅकेना हॉलिंगर आहे. केरी येण्याआधी सोळाखालच्या गटात तीच जिंकायची. तिची आई प्रत्येक शर्यतीला घडीची खुर्ची घेऊन येते. हॉलिंगरबाई एकदा मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने दुसऱ्या बाईला म्हणाल्या, "ह्या मुलींच्या रक्तातच असतं ते. आमच्या मॅकेनाला मात्र मेहनत करावी लागते."

मला अकरा मजले आठवले.

केरी त्या दिवशी बसमध्ये म्हणाली, "तिकडे मी जिंकले की लोक विचारायचे, कोच कोण आहे. इथं विचारतात, वय काय आहे."

मला कधी कुणी माझं वय विचारलं नव्हतं. पाचव्या येणाऱ्या मुलीच्या वयाची कुणाला पडलेली नसते.

जूनमधली गोष्ट. प्रांताच्या स्पर्धेला दोन आठवडे होते. सरावानंतर मी बाकावर बसले होते आणि मॅकेना माझ्या शेजारी येऊन बसली. केरी दूर सरांबरोबर वळणावरचा सराव करत होती.

"तुझ्या घोषणा भारी असतात," मॅकेना म्हणाली. ती आमच्याच शाळेत, नववीला. "ती दाढीवाली तर मी घरी सांगितली. बाबा खुर्चीवरून पडले."

मी फुगले. खरंच फुगले. त्या क्लबात दोन वर्षांत माझ्याबद्दल कुणी पहिल्यांदाच बोलत होतं.

"तुझी बहीण खरंच माझ्याच वयाची आहे?" तिने सहज विचारलं. "म्हणजे, बघ ना तिच्याकडे."

मी बघितलं. केरी वळणावरून येत होती, केसांतले मणी काढून मुठीत धरलेले, खांदे सैल. सुंदर धावते ती, हे मी कुणालाही सांगितलं नसतं.

"तिचं काय सांगू तुला," मी म्हणाले, "ती माझा वाढदिवससुद्धा खाते." आणि फोन काढून तो फोटो दाखवला. मला फक्त हसवायचं होतं. इथपर्यंत.

मॅकेनाने फोटोवरची तारीख वाचली, मग फोटो मोठा केला. "अठ्ठावीस डिसेंबर. केरी-ॲन, पंधरा." तिने माझ्याकडे पाहिलं. "म्हणजे डिसेंबरात ती पंधराची झाली?"

तिला काय कळलंय ते मला कळलं. डिसेंबरात पंधरा म्हणजे जन्म दोन हजार नऊचा, म्हणजे गट चुकीचा. एक वाक्य पुरलं असतं. मी रोज सकाळी बाराशे जणांना वीस वाक्यं सांगते.

"आमच्याकडे त्याच दिवशी केक कापतात," मी म्हणाले.

ह्यात एक शब्द खोटा नाही. म्हणूनच ते वाक्य सगळ्यात वाईट आहे.

"गोड फोटो आहे. पाठव ना मला."

मी पाठवला.

तीन दिवसांनी सरांनी आम्हाला बाजूला घेतलं. स्पर्धेच्या समितीकडे तक्रार आली होती, केरी-ॲनचं वय जास्त आहे अशी. शर्यतीआधी सिद्ध झालं नाही तर ती बाद, आणि ह्या हंगामातल्या तिच्या सगळ्या वेळा पुसल्या जाणार.

"पासपोर्ट दिला की झालं," केरी म्हणाली.

सरांनी मान खाजवली. "दिलाय मी. ते म्हणतात, तिकडच्या कागदांची खात्री इतक्यात करता येत नाही. मनगटाचा एक्स-रे काढून आणा म्हणतात. त्यावरून हाडांचं वय कळतं म्हणे."

घरी आजीने ते ऐकलं तेव्हा ती भेंडी चिरत होती. सुरी खाली ठेवली. "बाजारात बकरीचे दात बघतात," ती म्हणाली, "तसं माझ्या नातीचं मनगट बघणार? मी हिला सहा आठवड्यांची असताना मांडीवर घेऊन नाव नोंदवायला गेले होते. वाटेत दोनदा ओकली अंगावर. मला विचारा म्हणावं."

"बघू दे त्यांना," केरी म्हणाली. "मला धावायचंय."

एक्स-रेला तिच्याबरोबर मी गेले. आईला तिच्या हॉस्पिटलात ड्यूटी होती. तिथं गेल्या गेल्या केरीने सगळ्यांना गुड मॉर्निंग म्हटलं आणि मग त्या गार काचेवर हात पालथा ठेवला. बोटं पसरलेली. त्या क्षणी माझ्या खिशातल्या फोनमध्ये त्याच केकचा चाळीस सेकंदांचा व्हिडिओ होता आणि त्यात आजी काय म्हणते ते मला तोंडपाठ होतं. मी तो तीन वेळा पुसायला घेतला होता. तीनही वेळा पुसला नाही. दाखवलाही नाही.

का, ते सांगते. मला एक शनिवार हवा होता. फक्त एक, ज्या दिवशी घरी जेवताना माझ्या शर्यतीबद्दल बोलणं होईल. केरीचं वाईट व्हावं असं नाही, पण ती नसावी. ह्या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं मी स्वतःला नऊ दिवस समजावत होते.

"तुझा का नाही काढत?" परत येताना केरीने विचारलं. चिडून नव्हे, सरळ. "तू पण त्याच क्लबात आहेस. आपल्यात बारा दिवसांचं तर अंतर आहे."

"माझा जन्म इथला आहे," मी म्हणाले.

"अच्छा," केरी म्हणाली आणि मनगट चोळत राहिली, जसं काही दुखत होतं.

अहवाल आला: वय साधारण पंधरा ते सतरा. ह्याने काहीच ठरलं नाही. म्हणजे ज्यांना सतरा वाचायचं होतं त्यांनी सतरा वाचलं.

शुक्रवारी दुपारी समितीने बोलावलं. आजीने टोपी घातली, चर्चची, जांभळी. मला म्हणाली, "तुझं तोंड चालतं. तू चल."

खोलीत लांब टेबल, टेबलामागे तिघं. मधे करड्या केसांच्या एक बाई, त्याच प्रमुख. एका बाजूला हॉलिंगरबाई आणि मॅकेना. मॅकेना माझ्याकडे बघत नव्हती. आजी दारातच म्हणाली, "गुड आफ्टरनून सगळ्यांना." कुणी मान वर केली नाही, कागद चाळत होते. मी केरीकडे पाहिलं. आता ती म्हणेल. ती खुर्ची ओढून बसली. काही म्हणाली नाही.

दोन वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं होतं त्याने मला बरं वाटेल. मी ह्याचीच वाट बघत होते ना, की तिने ती सवय सोडावी.

हॉलिंगरबाईंनी फोटो टेबलावर ठेवला. छापून आणला होता, वहीच्या पानाएवढा. आजीचा अंगठा त्यात बटाट्याएवढा दिसत होता.

"आम्हाला कुणावर आरोप करायचा नाही," त्या म्हणाल्या. "फक्त सगळ्या मुलींना सारखं असावं. तिकडे कागद कसे बनतात ते आपल्याला माहीत आहे."

"तिकडे म्हणजे कुठे?" आजीने विचारलं.

हॉलिंगरबाईंनी प्रमुख बाईंकडे पाहिलं.

प्रमुख बाईंनी फोटो केरीपुढे सरकवला. "ह्या फोटोत वाढदिवस कुणाचा आहे?"

केरीने फोटो बघितला. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं, क्षणभरच. 'झिपोराचा' म्हणाली असती तर ते खरंच होतं. सुटली असती.

"आमच्या दोघींचा," ती म्हणाली. "आमच्याकडे एकच केक असतो."

हॉलिंगरबाई मागे टेकून बसल्या. तिसऱ्या माणसाने काहीतरी लिहून घेतलं.

मी उभी राहिले. बोलायला तोंड उघडलं तर आवाज आला नाही. मी, जी माइकवरून तीन मजले हसवते. मी फोन काढला, आवाज पूर्ण वाढवला आणि टेबलावर ठेवला.

व्हिडिओत आजी आमच्या स्वयंपाकघरात केकमागे उभी आहे. केरी पुढे वाकली आहे. आजी तिला हाताने मागे सारते. 'ए, मागे हो. आज झिपी पंधराची. तुझे अजून बारा दिवस आहेत.' केरी म्हणते, 'आजी, बारा दिवसांनी उरेल का?' आणि मग माझा आवाज, मोठा, खूश: 'नाही उरणार.' सगळे हसतात. आजी म्हणते, 'बरं बाई, दोघी फुंका.' मग फोटो काढल्याचा आवाज.

मी पर्समधून माझा जन्मदाखला काढला, ह्याच शहरातला, अठ्ठावीस डिसेंबर. सकाळी आईच्या कपाटातून घेतला होता. म्हणजे सकाळी मला कुठेतरी ठाऊक होतं.

"हा व्हिडिओ तुझ्याकडे कधीपासून आहे?" प्रमुख बाईंनी विचारलं.

"डिसेंबरपासून."

"आणि हा फोटो ह्यांना कुणी दिला?"

"मी."

"चुकून?"

"नाही," मी म्हणाले. "मला माहीत होतं. मी बोलले नाही."

आजीने माझ्याकडे पाहिलंच नाही. टोपी थोडी सरळ केली. केरीने पाहिलं, आणि मला ते बघवलं नाही, म्हणून मी तिच्या मनगटाकडे बघत राहिले.

प्रमुख बाईंनी दोघांशी हळू आवाजात बोलून घेतलं, मग तक्रार फेटाळली असं सांगितलं. रविवारी केरी धावणार. एक्स-रेबद्दल कुणी काही बोललं नाही. पासपोर्ट परत देताना त्या बाईंनी तो दोन्ही हातांनी दिला, एवढंच.

"आम्ही फक्त एक प्रश्न विचारला होता," हॉलिंगरबाई उठता उठता म्हणाल्या.

"हो ना," आजी म्हणाली. "मी पण आल्या आल्या गुड आफ्टरनून म्हटलं होतं. त्याचं उत्तर अजून यायचंय."

बसमध्ये आजी पुढच्या सीटवर बसली, मुद्दाम. केरी आणि मी मागे.

"मी रोज विचार करत होते, फोटो त्यांना मिळाला कुठून," केरी म्हणाली. "चर्चमधल्या सगळ्यांवर संशय घेतला. सिस्टर पर्लिनवरसुद्धा. तिला फोन नीट उचलता येत नाही."

"माझ्यावर नाही घेतलास?"

"तुला मी यादीत धरलंच नव्हतं."

मी सॉरी म्हणाले. तिने खिडकीबाहेर बघत मान हलवली. ती हो होती की नाही ते अजून मला माहीत नाही.

माझी शर्यत शनिवारी होती. मी पाचवी आले. घरी जेवताना त्यावर कुणीच बोललं नाही. मला हवा होता तो शनिवार हाच.

रविवारी केरी धावली. सुरुवातीच्या जागी जाताना पंचाने पुन्हा तिचा नंबर दोनदा तपासला. मी स्टँडमध्ये आजीशेजारी बसले होते, आजी माझ्याशी तेव्हाही फक्त 'सरक' आणि 'पाणी दे' एवढंच बोलत होती. वळणावर केरी सगळ्यांच्या बरोबर होती आणि वळण संपलं तेव्हा एकटी होती. पोटात ते गरम तसंच सांडलं, वेळेवर, जुन्या ओळखीचं. आणि त्याच वेळी मी इतकी ओरडले की पुढच्या रांगेतल्या माणसाने कानावर हात ठेवले. दोन्ही एकाच घशातून कसं येतं ते मला विचारू नका. ती जिंकली. मॅकेना तिसरी आली. केरीने हात वर केले नाहीत, रेषेपलीकडे गेली आणि डाव्या हाताने उजवं मनगट धरून उभी राहिली.

मग डिसेंबर आला. उन्हाळ्यात आजीने ह्या वेळी दोन बरण्या भरल्या होत्या. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, पण फडताळात दोन बरण्या होत्या. अठ्ठावीस तारखेला माझ्यापुढे एक अख्खा केक आला, त्यावर फक्त 'झिपोरा'. मेणबत्त्या मी एकटीने फुंकल्या. आजीचा अंगठा कुठेच आला नाही. केरीने टाळ्या वाजवल्या, तुकडा खाल्ला, चांगला झालाय म्हणाली आणि जिने चढायला गेली. दोन वर्षं मला हेच हवं होतं. अर्धा केक तीन दिवस डब्यात पडून राहिला. आमच्या घरात केक उरला हे आईने मावशीला फोन करून सांगितलं.

नऊ जानेवारीला दुसरा केक. ह्यावर 'केरी-ॲन, १६'. डुबिच सर आले होते, चर्चमधली चार माणसं होती. सिस्टर पर्लिनने फोटो काढले, सगळे छताचे. केरीने सुरी घेतली. पहिला तुकडा आजीला. दुसरा माझ्या आईला. तिसरा सरांना. मी दाराजवळ उभी होते, जणू मला काही फरक पडत नाही अशी.

मग तिने खोलीभर पाहिलं, बशी उचलली आणि माझ्याकडे आली.

"गुड आफ्टरनून," ती म्हणाली. चेहऱ्यावर काही नाही.

"गुड आफ्टरनून," मी म्हणाले.

बशीतला तुकडा लहान होता, कोपऱ्याचा. मी मोजलं, मी नेहमीच मोजते. चौथी. शर्यतीत मी अजून एकदाही चौथी आलेले नाही.